नरनाळ्याचा महाकाळी दरवाजा कसा वाचायचा

दरवर्षी दिवाळीनंतर मी आमच्या शाळेच्या सातवीच्या पोरांना अकोला जिल्ह्यातल्या नरनाळा किल्ल्यावर नेतो. अकोटहून शहानूर, तिथं वनखात्याच्या नाक्यावर नोंद, मग गड. बहुतेक लोक महाकाळी दरवाजापाशी फोटो काढतात अन् तलावाकडं निघतात. तुम्ही तसं करू नका. या दरवाजाला निदान अर्धा तास द्या.

सकाळीच पोचा. ऊन तिरपं असेल तर कोरीव काम उठून दिसतं, दुपारी सगळा दगड सपाट वाटतो. सावलीतल्या कोरलेल्या कमळांवर टॉर्च बाजूनं धरा, पाकळी न् पाकळी मोजता येते. दगडाला काहीही लावू नका. एका वर्षी आमच्याच पोरानं पाकळ्या नीट दिसाव्यात म्हणून कडेनं कोळसा फिरवला. ओल्या फडक्यानं पुसूनही काळी रेघ गेली नाही. ती रेघ मला अजून सलते.

आता वरचा अरबी लेख. पोरांना विचारा, यात नाव कोणाचं असेल? दरवाजा १४८७ चा. बांधणारा वऱ्हाडचा सुभेदार फतहुल्ला इमादउल्मुल्क, पण लेखात नाव बहामनी सुलतान महमूदशहाचं. बिदरची, म्हणजे बहामनी राजधानीची, सत्ता तेव्हा खिळखिळी झाली होती, तरी नाव धन्याचंच कोरायचं. १४९० मध्ये फतहुल्लानं अचलपूरला आपलं राज्य थाटलं.

इथं खुतबा समजावून सांगा, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाचं प्रवचन. त्यात ज्याचं नाव घेतलं जातं, तो राजा. विजापूरच्या युसुफ आदिलखानानं शिया पद्धतीचा खुतबा सुरू केला, तेव्हा शेजारचे सुलतान फौजा घेऊन निघाले. युसुफ वऱ्हाडात फतहुल्लाकडं आला, आणि फतहुल्लानं सल्ला दिला: तूर्त जुना सुन्नी खुतबा सुरू कर. श्रद्धा आणि तख्त कसं एकाच दोरीला बांधलेलं होतं, हे पोरांना यातून पटकन कळतं.

परभणीकडच्या पाथरी गावाची गोष्ट मात्र सावकाश सांगा, कारण आमच्या पोरांना ती घरची वाटते. फार्सी तवारिखांप्रमाणे (इतिहासाच्या जुन्या ग्रंथांप्रमाणे) फतहुल्ला विजयनगरच्या मुलखातल्या ब्राह्मण घरातला, लहानपणी लढाईत पकडला गेलेला. अहमदनगरच्या निजामशहांचे पूर्वजही ब्राह्मण, पाथरीचे कुलकर्णी. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या ताब्यात. बुऱ्हाण निजामशहानं वाडवडिलांचं गाव म्हणून ती मागितली, फतहुल्लाचा मुलगा अल्लाउद्दीन देईना. १५१८ मध्ये नगरच्या फौजेनं ती घेतली, आणि भांडण पुढंही चाललं. शेवटी अल्लाउद्दीननं गुजरातच्या बहादूरशहाला मदतीला बोलावलं, तर वऱ्हाडातल्या खुतब्यात नाव आलं बहादूरशहाचं! बांधाच्या भांडणात तिसऱ्याला बोलावलं की काय होतं, हे आमच्या गावात कोणाला सांगावं लागत नाही. म्हणून 'हिंदू विरुद्ध मुसलमान' एवढ्या एका किल्लीनं हा काळ उघडायला जाऊ नका. दोन्हीकडं सुलतान, दोन्ही घराणी मूळची ब्राह्मण, आणि भांडण गावाचं.

जमलं तर दुसऱ्या दिवशी चिखलदऱ्याला जा. तिथल्या गाविलगडाचं बांधकाम फतहुल्लानं १४८८ मध्ये दुरुस्त केलं. तिथं दिल्ली दरवाजावर दोन डोक्यांचा गंडभेरुंड पक्षी शोधा. ही विजयनगरची खूण. पोरांना तो वहीत पेन्सिलनं काढायला लावा. फोटोत सुटलेला चोचीतला हत्ती चित्र काढताना हमखास सापडतो.