जुनी शिडाची बोट घेतलीत? रंगाचा डबा आधी बाजूला ठेवा

मे संपत आला की मुंबई बंदरातल्या शिडाच्या बोटी वर घ्यायची गडबड सुरू होते. मच्छीमार आगोटीला आपल्या होड्या शाकारतात, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदीच असते, आणि हौशी मंडळीही उधाणाची भरती गाठून बोट क्रेनने वर काढतात. याच दिवसांत नव्या मालकांचे फोन येतात. सव्वीस-सत्तावीस फुटी जुनी फायबरची बोट स्वस्तात मिळालेली असते. मी विचारतो, डेकवर चालताना कुठे मऊ लागतं का? बुडाचे व्हॉल्व्ह फिरतात का? उत्तर ठरलेलं: "ते बघू नंतर. आधी सांगा, निळा रंग कुठला घेऊ?"

चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या या बोटींना फायबर सढळ हाताने वापरलेलं आहे. हल, म्हणजे बोटीचं बाहेरचं कवच, सहसा दगा देत नाही. दगा देतात ती भोकं, आणि जुन्या बोटीला ती शेकड्यांनी असतात.

डेकवर सिलिकॉन फासणे

ही चूक बघून मी खरोखर कंटाळलो आहे. डेक म्हणजे नुसतं फायबर नव्हे. वर-खाली फायबरचे पातळ थर आणि मध्ये बाल्सा लाकूड किंवा प्लायवूड. रेलिंगचे खांब, क्लीट (दोर बांधायची खुंटी), विंच (दोर ताणायचा रहाट), सगळ्यांचे बोल्ट या लाकडातून आरपार गेलेले. बोल्टभोवतीचं सील सुकलं की पाणी थेट लाकडात मुरतं. केबिनमध्ये थेंब पडायला लागतो तोवर आतलं लाकूड कधीच कुजायला लागलेलं असतं.

अशा वेळी नवा मालक सिलिकॉनची ट्यूब आणतो आणि बोल्टच्या डोक्याभोवती जाड वेटोळं काढतो. थेंब थांबतो, तो खूश. पाण्याने फक्त वाट बदललेली असते. शिवाय जिथे सिलिकॉन लागलं तिथे पुढे रंग धरत नाही, म्हणजे ज्या निळ्या रंगासाठी एवढी घाई चालली होती तोही गेला.

माझी पद्धत वेळखाऊ आहे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डेक ठोकत जायचं. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तिथे खडूने गोल. मग फिटिंग पूर्ण काढायचं, भोक मोठं करायचं, ओलं लाकूड खरवडून काढायचं, वाळू द्यायचं आणि भोक घट्ट इपॉक्सीने भरून त्यातून पुन्हा बोल्टच्या मापाचं भोक पाडायचं. आता बोल्ट लाकडाला शिवतच नाही. वरून ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट सीलपट्टी), आणि नट एका दमात आवळायचा नाही. दोन-चार दिवस थोडा थोडा. मुंबईच्या उन्हात ब्यूटाइल मऊ होऊन आपसूक बाहेर येतं, तेवढं कापून टाकायचं. एका खांबाला अर्धा दिवस जातो. जाऊ दे.

चेनप्लेटच्या बाबतीत मात्र नुसतं लाकूड कुजण्यावर भागत नाही. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा बोटीला ज्या स्टीलच्या पट्टीवर येऊन थांबतात, ती चेनप्लेट. बऱ्याच बोटींत ती डेकमधून खाली उतरते. एका ओळखीच्या गृहस्थांच्या बोटीवर डाव्या चेनप्लेटखाली केबिनमध्ये तपकिरी ओघळ होता. त्यांनी तो पुसला, वरून सिलिकॉन मारलं आणि त्यावर सुंदर रंग. "स्टेनलेस आहे हो, त्याला काय होतंय?"

एप्रिलमध्ये मांडव्याहून परतताना दुपारचा वायव्य वारा डाव्या अंगाने चांगलाच भरला होता. मीही बोटीवर होतो. बंदूक उडावी तसा आवाज झाला आणि डावी तार पट्टीच्या तुकड्यासकट हवेत. सुकाणूवर एक जुना खलाशी होता. त्याने कोणाला काही न विचारता बोट वाऱ्यातून फिरवून दुसऱ्या अंगावर घेतली. ताण उजव्या तारेवर गेला, डोलकाठी वाचली. मग शीड उतरवलं, शीड चढवायचा मोकळा दोर डाव्या क्लीटला ताणून बांधला आणि इंजिनावर रखडत घरी आलो.

नंतर खालचा तुकडा काढून बघितला. बरोबर डेकच्या जाडीत तुटला होता. काप बहुतेक तपकिरी, चकचकीत धातू जेमतेम एका कडेला. स्टेनलेसला न गंजण्यासाठी हवेतला ऑक्सिजन लागतो. त्यावरच त्याचा अदृश्य पापुद्रा टिकतो. कोंडलेल्या खाऱ्या ओलीत तो पापुद्रा जातो आणि आतल्या आत चीर वाढते. म्हणजे वरून सिलिकॉनने बंद केलेली जागाच सगळ्यात वाईट. पट्टीचा वरचा भाग अजूनही आरशासारखा होता.

तेव्हा चेनप्लेट बाहेर काढूनच बघायची. मी एका पावसाळ्यात एक बाजू, पुढच्या पावसाळ्यात दुसरी असं करतो. भिंग घ्या, भोकांच्या कडा बघा, शंका आली तर नवी करून घ्या. आणि वायर रिग, म्हणजे डोलकाठीच्या सगळ्या तारा, मागच्या मालकाने कधी बदललं ते त्याला आठवत नसेल तर ते जुनंच आहे असं धरा.

हार्डवेअरच्या दुकानातला पितळी व्हॉल्व्ह

संडास, सिंक, इंजिनचं थंड पाणी यांसाठी हलला पाण्याखाली भोकं असतात. तिथे ब्राँझचा सीकॉक, म्हणजे बोटीसाठीचा खास व्हॉल्व्ह, हवा. पण तो महाग आणि मागवायला वेळ, म्हणून बाथरूमचा पितळी व्हॉल्व्ह बसतो. साध्या पितळेतलं जस्त समुद्राच्या पाण्यात निघून जातं आणि मागे तांब्याचा भुसभुशीत सांगाडा उरतो. दिसायला व्हॉल्व्ह अगदी शाबूत. एका बोटीवर मी हँडल बंद करायला गेलो तर व्हॉल्व्हची मानच हातात आली. सुदैवाने बोट जमिनीवर होती. पाण्याखाली दोन फुटांवर दीड इंची भोक मोकळं झालं तर मिनिटाला शंभर लिटरहून जास्त पाणी आत येतं; हातपंप कितीही मारा.

सुरीने खरवडून बघा. पिवळं दिसलं तर पितळ अजून आहे, गुलाबी दिसलं तर आजच बदला. प्रत्येक व्हॉल्व्हशेजारी त्याच मापाचा लाकडी गुट्टा दोरीने बांधून ठेवा. आणि एम-सील? चांगली वस्तू आहे, घरच्या टाकीला लावा.

बाकीच्या चुका, पटापट

इपॉक्सी लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त घालणं. पॉलिएस्टर रेझिनमध्ये थोडं कमी-जास्त खपतं, इपॉक्सीत नाही. प्रमाण चुकलं की ते कायम चिकट राहतं आणि मग सगळं खरवडून काढावं लागतं. वजनकाटा वापरा, "अंदाजे" नको.

जुलैच्या दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो आधी साध्या पाण्याने आणि स्क्रबरने धुवा, मग घासा. उलटं केलंत तर तो थर तुम्हीच आत रगडता.

जस्ताच्या अॅनोडवर रंग मारणं. बाकीच्या धातूंऐवजी त्याने झिजावं म्हणूनच तो तिथे आहे.

पंख्याचा शाफ्ट हलमधून बाहेर जातो तिथलं ग्लँड पॅकिंग एक थेंबही येऊ नये इतकं आवळणं. शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब यायलाच हवेत, नाहीतर पॅकिंग जळतं आणि शाफ्टला चर पडतो.

घरगुती वायर पिळून टेप गुंडाळणं. याबद्दल मी आता बोलणं सोडलं आहे. कथील चढवलेली वायर आणा.

पावसाळ्यात ताडपत्री चहूबाजूंनी घट्ट बांधणं. दोन्ही टोकं उघडी ठेवा, वारा खेळू दे. कॉकपिटची गटारं मोकळी आहेत ना, ते जोरदार पावसानंतर स्वतः जाऊन बघा, वॉचमनला फोन करून नाही.

पाण्यात उतरवायच्या दिवशी बोट तरंगली की लगेच क्रेनचे पट्टे सोडायला सांगू नका. टॉर्च घेऊन खाली जा, प्रत्येक व्हॉल्व्ह एकेक करून उघडा, होजच्या जोडाभोवती कोरडा टिश्यू फिरवा, मग ग्लँड बघा. क्रेनवाला घड्याळ बघेल, कुरकुरेल. बघू द्या.