वॉर्डातली वही

मी वीज उपकेंद्रात शिफ्टची नोकरी करतो. आमच्या कामात एक गोष्ट पहिल्याच महिन्यात अंगवळणी पडते: घोळ होतो तो शिफ्ट बदलताना. जाणारा सांगायचं विसरतो, येणारा धरून चालतो की ते झालंय. म्हणून लॉगबुक असतं. माझी मुलगी पाच वर्षांची असताना तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर हाच. वैद्यकातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण तिसऱ्या दिवसापर्यंत एवढं लक्षात आलं, की चोवीस तासांत तिच्या खाटेशी तीन सिस्टर बदलतात, राउंडचे डॉक्टर वेगळे, रात्रीचे वेगळे, सुट्टीच्या दिवशीचे आणखी वेगळे. न बदलणारी माणसं दोनच, मी आणि तिची आई. मग मला जे येत होतं तेच केलं. वही आणली.

पुढचं सगळं तिच्या सुमारे अडीच वर्षांच्या उपचारांत शिकलेलं आहे. तुमच्या मुलाचा आजार वेगळा असेल, हृदयाचा किंवा किडनीचा, तर औषधं वेगळी असतील. वॉर्डातले दिवस मात्र बरेचसे असेच जातात.

वही खरोखरची, जाड पुठ्ठ्याची घ्या. मोबाइलमध्ये नोंदी ठेवल्या तर तुम्ही खाली औषधं आणायला गेलात की त्याही तुमच्याबरोबर खाली जातात. वही खाटेशीच राहते आणि त्या वेळी जो बसलाय तो लिहितो. पहिल्या पानावर आजाराचं पूर्ण नाव, मुलाचं वजन आणि उंची (तारखेसकट), रक्तगट, कुठल्या औषधाची किंवा कशाची अ‍ॅलर्जी, सध्या चालू असलेली सगळी औषधं, मुख्य डॉक्टरांचं नाव आणि रात्री फोन कुठे करायचा ते. पुढे प्रत्येक दिवसाला दोन पानं. डाव्या पानावर घडलेलं: वेळ, औषध, मात्रा, ताप, उलटी, लघवी, शी, झोप. उजव्या पानावर विचारायचं. रात्री तीनला सुचलेला प्रश्न सकाळच्या राउंडला हमखास आठवत नाही.

वजनाची तारीख का, ते सांगतो. मुलांच्या औषधाची मात्रा किलोवर ठरते, केमोची, म्हणजे कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्या औषधांची, तर बहुतेक वेळा उंची आणि वजनावरून काढलेल्या अंगाच्या क्षेत्रफळावर. आमच्या मुलीचं वजन स्टिरॉइडवर एका महिन्यात जवळजवळ तीन किलो वाढलं होतं. पुढच्या वेळी अ‍ॅडमिट केलं तेव्हा मी सहज विचारलं, ‘‘सिस्टर, वजन कुठलं धरलंय?’’ फाइलमध्ये मागच्या महिन्याचं होतं. त्यांनी तिला पुन्हा काट्यावर उभं केलं आणि सगळा हिशोब नव्याने झाला. कुणी रागावलं नाही, उलट त्यानंतर त्या सिस्टर स्वतःहून आकडा वाचून दाखवायच्या.

विचारण्याची एक तऱ्हा असते. ‘‘तुम्ही चुकताय’’ म्हटलं की समोरचा माणूस बचावाला उभा राहतो. ‘‘हे कशासाठी आहे? मला वहीत लिहायचंय’’ म्हटलं की तो लेबल पुन्हा एकदा वाचतो. आपल्याला हवं असतं तेवढंच. आणि डॉक्टरांनी काही समजावलं की ते आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवा: ‘‘म्हणजे उद्या सकाळी भूल द्यायची, म्हणून रात्रीपासून खायला बंद, पण पाणी अमुक वाजेपर्यंत चालेल, बरोबर?’’ पाण्याची वेळ मुद्दाम विचारा. पाणी बहुधा खाण्यानंतर बऱ्याच तासांनी बंद करायचं असतं. ते न विचारल्यामुळे आम्ही एकदा तिला रात्रभर उगाच तहानलेली ठेवली.

निदान सांगतात त्या दिवशी मात्र वहीही कामाला येत नाही. ‘कॅन्सर’ हा शब्द ऐकल्यावर पुढची वीस मिनिटं डॉक्टर काय बोलले, त्यातलं मला आजही काही आठवत नाही. त्या बैठकीला तिसरं माणूस न्या, भाऊ, बहीण, मित्र, ज्याच्या पायाखालची जमीन तुमच्याइतकी सरकलेली नाही असं कुणीही. नाहीतर डॉक्टरांची परवानगी घेऊन बोलणं रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी ‘‘पुन्हा सांगाल का?’’ म्हणायला लाजू नका.

इंटरनेटवर शोधू नका असं सगळे सांगतात आणि सगळे शोधतात. मीही शोधलं. एवढंच बघा, की आकडा कुठल्या सालचा आहे. 1948मध्ये बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी ॲमिनोप्टेरिन या औषधाने ल्युकेमियाच्या मुलांना काही काळ आराम पडल्याचं प्रसिद्ध केलं, त्याआधी हातात काहीच नव्हतं. 1960च्या दशकातही या आजाराची फार थोडी मुलं वाचत. आज श्रीमंत देशांत पूर्ण उपचार मिळाले तर दहातली नऊच्या आसपास मुलं वाचतात. मी पहिल्या रात्री जे पान वाचून भिंतीला टेकून बसलो ते फार जुनं होतं. तुमच्या मुलाचा प्रकार कुठला, धोका कमी गटातला की जास्त, हे डॉक्टरच सांगू शकतात. ते विचारा, आणि तो आकडा वहीत लिहायचा की नाही हे मग ठरवा. आम्ही नाही लिहिला.

आता सुईचं. याबाबतीत मी एक घोडचूक केली. पाठीतून पाणी काढायचं होतं, ती मला विचारत होती, ‘‘बाबा, दुखणार?’’ मी म्हटलं, ‘‘नाही गं, काही दुखणार नाही.’’ दुखलं. त्यानंतर तीन आठवडे ती माझ्या हातून औषधसुद्धा घेईना. ‘‘बाबा खोटं बोलतात,’’ असं तिने सिस्टरना सांगितलं आणि सिस्टरनी मला. तेव्हापासून नियम केला: दुखणार असेल तर ‘दुखणार’ म्हणायचं, किती वेळ तेही सांगायचं. ‘‘टोचेल. दहा मोजेपर्यंत. मी हात धरतो, तू मोज.’’ आधी फार दिवस सांगून ठेवू नका, लहान मूल तेवढे सगळे दिवस घाबरत काढतं. आमच्या मुलीला आदल्या संध्याकाळी सांगितलेलं पुरायचं. मोठ्या मुलांना जास्त आधीपासून माहीत असावं लागतं.

सुई खुपू नये म्हणून कातडी बधिर करायचं मलम असतं, लिग्नोकेन आणि प्रिलोकेनचं. ते साधारण तासभर आधी लावून वरून चिकटपट्टीने झाकावं लागतं. गर्दीच्या वॉर्डात कुणाला तासभर आधी आठवेल याची खात्री नाही, म्हणून आठवण तुम्ही करा. शीर एका हाताला सापडली नाही तर दुसऱ्याला बघतात, तेव्हा दोन्ही हातांना लावून ठेवायला सांगा. मुलाला खाटेवर आडवं दाबून धरण्याऐवजी मांडीवर घ्यायला मिळतं का विचारा: छातीला छाती, त्याचे पाय तुमच्या कमरेभोवती, एक हात तुमच्या काखेखालून बाहेर सिस्टरकडे. चार माणसांनी दाबलेलं मूल आणि कुशीतलं मूल, दोघांना सुई तीच, पण रडणं वेगळं असतं. आणि निवड द्यायची ती खरी द्या. ‘‘डावा हात की उजवा?’’ ही निवड आहे. ‘‘टोचूया का?’’ ही नाही, कारण ‘नको’ म्हटल्यावर तुम्ही थांबणार नाही आहात.

किती दुखतंय हे तिला सांगता यायचं नाही. वॉर्डात सहा चेहऱ्यांचा तक्ता होता, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, शून्य ते दहा. वाँग आणि बेकर या दोघींनी 1980च्या दशकात मुलांशीच बोलून तो बनवला. तो मी वहीच्या शेवटच्या पानावर काढला. चित्रकला माझी यथातथाच, चौथा चेहरा बटाट्यासारखा झाला. मग ती म्हणायची, ‘‘आज बटाटा.’’ रात्रीच्या सिस्टरना बटाटा म्हणजे सहा हे माहीत झालं होतं.

शिरेतून केमो चालू असताना मूल ‘जळजळतंय’ म्हणालं, किंवा सुईच्या आसपास सूज, लाली दिसली, तर तेव्हाच्या तेव्हा हाक मारायची. बाटली संपेपर्यंत थांबायचं नाही. काही औषधं शिरेबाहेर गेली तर आतलं मांस जाळतात.

घरी आल्यावरचा काळ मला वॉर्डापेक्षा अवघड गेला. वॉर्डात घंटी दाबली की कुणीतरी येतं. चौथ्या महिन्यात एका रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी तिचा ताप 38.4 अंश सेल्सिअस निघाला. मी ताप उतरायचं औषध दिलं, ताप उतरला, ती झोपली, आणि मी स्वतःवर खूश होऊन झोपलो. सकाळी ती थडथड कापत होती. आठला आम्ही दवाखान्यात. तिच्या न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, दोनशेवर आल्या होत्या. पाचशेच्या खाली गेल्या की साधा जंतुसंसर्गही काही तासांत जिवावर बेतू शकतो. डॉक्टरांनी एकच विचारलं, ‘‘ताप पहिल्यांदा किती वाजता दिसला?’’ मी वहीतून वाचलं. ते काही बोलले नाहीत, वेळ लिहून घेतली. अकरा दिवस आत होतो.

तर केमो चालू असलेल्या मुलाला ताप आला की आधी फोन, मग औषध. ताप उतरवला की खूण पुसली जाते, जंतू तिथेच राहतात. किती तापाला यायचं हा आकडा डॉक्टरांकडून लेखी घ्या. आमचा 38 अंश होता, म्हणजे 100.4 फॅरेनहाइट. थर्मामीटर काखेत किंवा कानात, गुदद्वारातून कधीच नाही, आणि गुदद्वारातून द्यायचं औषधही नाही. तिथली नाजूक त्वचा फाटून जंतू रक्तात जाऊ शकतात. एक पिशवी दाराशी कायम भरलेली असू द्या. अपघात विभागात पोचलात की गोष्ट पहिल्यापासून सांगत बसू नका, पहिलं वाक्य हे: ‘‘केमो चालू आहे आणि ताप आहे.’’ अँटिबायोटिकचा पहिला डोस पोचल्यापासून तासाभरात जावा असं धरलेलं असतं. कांजिण्या किंवा गोवर झालेल्या मुलाशी संबंध आला तरी त्याच दिवशी कळवा, पुरळ उठायची वाट बघू नका.

तिचा दादा नऊ वर्षांचा. पहिले दोन महिने आम्ही त्याला ‘‘तिला बरं नाही’’ एवढंच सांगत होतो. एका रात्री तो अंधारात म्हणाला, ‘‘मी तिला झोपाळ्यावरून ढकललं होतं. म्हणून ते काळेनिळे डाग.’’ डाग प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी झाल्याचे होते. दोन महिने पोरगं ते मनात घेऊन शाळेत जात होतं. घरातल्या दुसऱ्या मुलाला तीन गोष्टी पहिल्याच आठवड्यात सांगा: आजाराचं नाव, तो तुझ्यामुळे झाला नाही, तुला लागणार नाही. त्याने विचारलं नाही तरी.

दोघांनी मिळून रात्र काढू नका, आळीपाळीने काढा. आमच्या घरातलं पहिल्या महिन्यातलं एकूण एक भांडण दोघांची झोप न झालेल्या सकाळी झालं. जाताना दोन मिनिटं वही उघडून आपसात चार्ज द्या, आमच्या उपकेंद्रात देतात तसा. मदतीला येतो म्हणणाऱ्यांना ‘‘कळवतो’’ म्हणू नका, काम सांगा: मंगळवारी दादाला शाळेतून आण. मुलाजवळ कुणी थांबू नये असा नियम पुढे आला तर कारण नम्रपणे विचारा. एके काळी मुलांच्या वॉर्डात आईबापांना आठवड्यातून थोडा वेळच येऊ देत. ब्रिटनमध्ये 1959च्या प्लॅट समितीच्या अहवालाने ते बदलायला सांगितलं, आणि आज आईबापांनी जवळ असणं हा उपचाराचाच भाग धरतात.

उपचार संपले तेव्हा माझ्याकडे पाच वह्या होत्या. पण त्यापेक्षा कामाचा एक कागद असतो, तो मागून घ्या: उपचारांचा सारांश. कुठलं औषध एकूण किती गेलं, किरणोपचार झाले का, कधी. डाउनोरुबिसिन, डॉक्सोरुबिसिनसारख्या लाल औषधांचा हृदयावरचा परिणाम काही वर्षांनीही दिसू शकतो, त्यामुळे मोठेपणीच्या डॉक्टरला एकूण मात्रा कळायला हवी. राहिलेल्या लसी कधी द्यायच्या तेही त्यावर लिहून घ्या. उपचार चालू असताना जिवंत जंतूंच्या लसी देत नाहीत. मी तो कागद लॅमिनेट करायला निघालो होतो. ओपीडीतल्या सिस्टर म्हणाल्या, ‘‘नका करू, त्यावर अजून लिहायचंय.’’