गेम डिस्कवर घ्यावा की डाउनलोड करावा? जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या खेळणाऱ्यांसाठी

टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र, म्हणजे कन्सोल, घेण्याआधीच हे ठरवावं लागतं. सोनीचं पीएस ५ (प्लेस्टेशन ५) डिजिटल एडिशन आणि मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स सिरीज एस यांत डिस्क घालायला जागाच नसते. पीएस ५ स्लिमच्या डिजिटल मॉडेलला ड्राइव्ह नंतर वेगळा घेऊन बसवता येतो, फक्त तो जोडताना एकदा इंटरनेट लागतं. आधीच्या जाड डिजिटल मॉडेलला तीही सोय नाही.

मग घरचं नेट बघा. १०० जीबीचा गेम ५० एमबीपीएसच्या फायबरवर पूर्ण वेग मिळाला तरी साधारण साडेचार तास घेतो. जिथे फायबर पोचलेलं नाही आणि मोबाइलच्या रोजच्या २ जीबीवर घर चालतं, तिथे त्याच गेमला ५० दिवस लागतील. अशा ठिकाणी डिस्कच घ्या.

मात्र डिस्क हातात आली म्हणजे गेम पूर्ण आपला झाला, असं समजू नका. पीएस ५ डिस्कवरचा गेम आतल्या एसएसडीवर, म्हणजे कन्सोलच्या साठवणीत, उतरवून घेतो, आणि पुढे डिस्क लागते ती फक्त तुमचा हक्क तपासायला. काही डिस्कवर गेम अर्धाच असतो, उरलेला नेटवरून येतो. हे तपासायची पद्धत सोपी आहे. कन्सोलच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन इंटरनेट बंद करा, गेम आधी टाकलेला असेल तर काढून टाका, डिस्क घाला, पूर्ण उतरू द्या आणि सुरू करा. मेनूच्या पुढे जाऊन पहिला टप्पा खेळता आला तर निदान सुरुवात तरी डिस्कवर आहे. ‘डाउनलोड आवश्यक’ असा संदेश आला तर त्या डिस्कची किंमत मनातल्या मनात कमी करा. निन्टेन्डोच्या स्विच २ कन्सोलच्या ‘गेम-की कार्ड’वर तर गेम नसतोच, तो डाउनलोडच करावा लागतो.

फक्त ऑनलाइन चालणाऱ्या गेमची डिस्क जपून ठेवण्यात अर्थ नाही. युबिसॉफ्ट कंपनीने ‘द क्रू’ या रेसिंग गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले, तेव्हा डिस्कवाल्यांचाही गेम गेला.

जुनी डिस्क घेताना सावकाश बघा, फसगत इथेच होते. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून खालची बाजू तपासा. पीएस ५ ची डिस्क ब्लू-रे प्रकारची असते. ब्लू-रेमध्ये माहितीचा थर पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो, डीव्हीडीत तो ०.६ मिलिमीटर आत असतो. म्हणून डीव्हीडी घासून ओरखडे काढणाऱ्या मशीनवर ब्लू-रे देऊ नका, वरचं कठीण आवरणच निघून जाईल. पुसायची असेल तर मायक्रोफायबर कापडाने, मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल फिरवू नका. डब्यातला कोड आधी वापरला गेला असेल तर तो पुन्हा चालत नाही, त्यामुळे ‘सगळ्या डीएलसीसकट’ (डीएलसी म्हणजे गेमला वरून जोडायचे जादा भाग) असं सांगून जास्त पैसे मागितले तर देऊ नका. डिस्क आणि तुमचं खातं वेगवेगळ्या प्रदेशांचं असेल तर खात्यावरून घेतलेली डीएलसी बहुतेक वेळा त्या डिस्कला लागत नाही. प्रदेश ओळखायला डब्यावर वयोगटाचे १२, १६, १८ असे आकडे आहेत की टी, एम अशी अक्षरं, ते बघा. टी, एम असेल तर ती बहुधा अमेरिकेकडची प्रत आहे.

आमचं मत स्पष्ट आहे. एकदाच खेळून संपणारा कथेचा गेम डिस्कवर घ्या, संपल्यावर विकता किंवा मित्राला देता येतो. रोज खेळायचा ऑनलाइन गेम डाउनलोड करा.

डाउनलोड घेताना परताव्याचे नियम आधी लक्षात ठेवा. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे मागता येतात. प्लेस्टेशन स्टोअरवरही मुदत १४ दिवसांचीच आहे, पण डाउनलोड सुरू केलंत की हक्क गेला. म्हणून विकत घेतल्यावर मन पक्कं होईपर्यंत डाउनलोडचं बटण दाबू नका. स्टीमवर तुम्हाला मिळतो तो परवाना, आणि खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. पीसीचा गेम खरोखर जवळ ठेवायचा असेल तर जीओजी या ऑनलाइन दुकानातून घ्या आणि नेटशिवाय गेम बसवणारा ऑफलाइन इन्स्टॉलर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा. सेटअप फाइलसोबतच्या सगळ्या बिन (.bin) फाइली घ्या, एक जरी राहिली तरी इन्स्टॉल अडतं.

आपल्याकडचा उन्हाळा विसरून चालणार नाही. पीएस ५ साठी सोनीने ५ ते ३५ अंश तापमान सांगितलंय आणि भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. दुपारी मोठा गेम खेळणं टाळा, कन्सोल बंद कपाटात ठेवू नका, मागची धूळ महिन्यातून एकदा काढा. डिस्क डब्यात उभ्या ठेवा, पश्चिमेच्या खिडकीत किंवा गाडीत नको, तापून वाकतात. गेम उतरताना वीज गेली तर फाइली बिघडू शकतात, त्यामुळे कन्सोलला यूपीएस लावा. ६०० व्हीएचा असला तरी नीट बंद करण्याइतका वेळ मिळतो.

डाउनलोड केलेले गेम नेट नसतानाही चालायला हवे असतील तर पीएस ५ वर ‘कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले’ सुरू ठेवा. ही सोय एका खात्याला एकाच पीएस ५ वर मिळते. कन्सोल विकायच्या आधी ती बंद करा आणि मगच रीसेट मारा.