टर्कीचा नर गप्प झाला की

न्यूयॉर्क राज्यात टर्कीच्या शिकारीचा वसंत हंगाम १ मे ते ३१ मे. दुसरा आठवडा उलटला की पहाटे तीनला उठून शिकाऱ्यांचे डोळे खोल गेलेले असतात आणि जंगलात नराचा आवाज येईनासा होतो. बहुतेक जण घायकुतीला येऊन कॉल, म्हणजे मादीचा आवाज काढायचं साधन, आणखी जोरात वाजवायला लागतात. करायचं नेमकं उलट: कॉल कमी, बैठक लांब.

सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे नराभोवती माद्या असतात. एरवी नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे जाते. तुम्ही मादीचा आवाज काढून त्यालाच यायला सांगता, म्हणजे उलटी गंगा. जवळ माद्या असताना तो कशाला येईल? पण मादी साधारण दिवसाला एक अशी दहा-बारा अंडी घालते आणि त्यासाठी सकाळी उशिरा हळूच घरट्याकडे सटकते. अंडी पुरी झाली की ती खुडूक बसते, सुमारे २८ दिवस. मग नर एकटा पडतो आणि शोधत फिरतो. म्हणून मे महिन्यात नऊ ते बाराची वेळ सोन्यासारखी. इथे दुपारी बाराला शिकार थांबवावी लागते. आठ वाजताच कंटाळून गाडीकडे वळणारा चांगले तीन तास वाया घालवतो.

दुसरं कारण दोन वर्षं जुनं असू शकतं. सगळ्यात जास्त ओरडतात ते दोन वर्षांचे नर. त्यांच्या जन्माच्या वर्षी पिल्लं बाहेर पडताना थंड पाऊस लागून राहिला असेल, तर ती पिढीच विरळ असते. अशा वर्षी कानापेक्षा डोळ्यांवर भिस्त ठेवा. नराची विष्ठा लांबट आणि टोकाला आकड्यासारखी वळलेली, मादीची गोळा झालेली. कच्च्या रस्त्याच्या धुळीत पावलांच्या दोन्ही बाजूंना बारीक रेघा दिसल्या, तर तिथे नर पिसारा फुलवून पंख घासत चाललेला आहे. दुसऱ्या दिवशी बसायची जागा तीच.

बसताना खांद्यांपेक्षा रुंद बुंधा पाठीशी घ्या. उजव्या हाताने बंदूक चालवत असाल तर डावा खांदा अपेक्षित दिशेकडे, बंदूक गुडघ्यावर. तुमच्या आणि पक्ष्याच्या मध्ये ओढा किंवा तारेचं कुंपण नको. उडून ओलांडता येत असूनही तो तिथे घुटमळतो. समोर छोटा उंचवटा असेल तर उत्तम. त्याला मादी दिसायला माथ्यावर यावंच लागतं, आणि तोवर तो टप्प्यात आलेला असतो.

दर १५-२० मिनिटांनी तीन-चार हलके यल्प (मादीची साद), मग एखादा क्लक (तिचा तुटक, एकच स्वर), मग काही नाही. हंगामभर कॉल ऐकून बिथरलेल्या नरासाठी टर्की चरताना करते तसं हाताने वाळका पाला खरवडणं कॉलपेक्षा भारी: दोन झटके, थोडं थांबणं, पुन्हा एक. उत्तर देणारा नर अचानक गप्प झाला, तर तो येतोय असंच धरून पाऊण तास हलू नका. गेलेले बहुतेक पक्षी याच पाऊण तासात उठल्यामुळे गेलेले असतात.

पावसात पेटीसारख्या बॉक्स कॉलचं लाकूड ओलं होऊन घसरतं. तो पिशवीत ठेवून तोंडातला पडद्याचा कॉल वापरा. पाटीवर काडी घासून वाजवायचा स्लेट कॉल नुसता चिरकत असेल तर पाटीला बोटांचं तेल लागलंय, बारीक सँडपेपर फिरवा. पाऊस थांबला की कुरणाच्या कडेला बसा. झाडांवरून ठिबकणाऱ्या पाण्यात टर्कीला चाहूल लागत नाही, म्हणून ती मोकळ्यावर येतात.

एवढं करून बार चुकतो तो बहुधा आदळआपटीने बंदुकीची नेम धरायची माशी सरकल्यामुळे. हंगामाच्या मध्यावर पुन्हा कागदावर बार झाडून पाहा. ४० यार्डांवर दहा इंची वर्तुळात शंभरच्या आसपास छरे लागायला हवेत. कमी लागले तर स्वतःची मर्यादा ३० यार्डांवर आणा. दहा यार्डांवर छरे मुठीएवढ्या जागेत जातात, त्यामुळे जवळचा पक्षीही चुकतो. गाल दस्त्यावरून उचलला तर बार वर जातो.

थकवा खरा धोकादायक. लाल, पांढरा, निळा हे रंग नराच्या डोक्याचे आहेत, रुमालातही नकोत. आवाजाच्या मागावर दबकत जाऊ नका, तिकडे दुसरा शिकारी कॉल वाजवत असू शकतो. माणूस दिसला तर हात न हलवता मोठ्याने बोला. झोप चारच तास झाली असेल तर तो दिवस सोडा.

एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना अमेरिकी केंद्रीय कायद्याने एरवी बंदूक बाळगता येत नाही; वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. म्हणून परवाना आधी, बंदुकीला हात नंतर.

कपड्यांवर ०.५ टक्के परमेथ्रिन हे कीटकनाशक आदल्या दिवशीच फवारून वाळवा, अंगावर कधीच नाही. मे महिन्यात गोचीड भरपूर असतात आणि लाइमचा आजार त्यांच्यातूनच येतो. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत बघा.