घरातला ताण आणि आई-बाळाचा बंध: या चुका टाळा

पहिलं बाळंतपण माहेरी आणि तिसऱ्या महिन्यात बाळाला घेऊन घणसोलीच्या नाहीतर कळव्याच्या वन-बीएचकेत परत. ठाणे-नवी मुंबईतल्या बऱ्याच घरांत गडबड इथून सुरू होते. माहेरी बाळाला न्हाऊ घालणारी बाई होती, हातात ताट देणारी आई होती. इथे नवरा सकाळच्या लोकलने जातो तो रात्री नऊला उगवतो, घराचा हप्ता डोक्यावर, सासू-सुनेची धुसफूस, आणि दिवसभर बाळ एकटीच्या अंगावर. बाळ किरकिर करू लागलं की घरचे दोष शोधतात दुधात, नजरेत, नाहीतर सुनेच्या स्वभावात.

बंध जुळतो तो बाळाच्या हाकेला ओ मिळत गेल्याने. ते कुरकुरतं, आई बघते, उचलते, बोलते. दिवसभर हेच चालतं. सतत धास्तीत किंवा उदास असलेल्या बाईला बाळाचे बारीक इशारे दिसत नाहीत, दिसले तरी उठवत नाही. माया आटलेली नसते, ओ द्यायचं त्राण उरलेलं नसतं. अशा वेळी 'आनंदी राहा' हा सल्ला निरुपयोगी आहे.

शांत बाळ म्हणजे गुणी बाळ

सगळ्यांत जास्त निसटणारी खूण म्हणजे बाळाचं गप्प होणं. रडणाऱ्या बाळाकडे सगळे धावतात, गप्प बाळाचं कौतुक होतं. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने 1970च्या दशकात एक प्रयोग केला: खेळता खेळता आईने काही मिनिटं चेहरा निर्विकार ठेवायचा. बाळ आधी हसून, हात पुढे करून तिला परत बोलावतं, मग रडतं किंवा तोंड फिरवून मलूल होतं. घरात रोज असंच घडत राहिलं तर बाळ बोलावणंच सोडून देऊ शकतं.

म्हणून हे पाहा. दोन महिन्यांच्या आसपास ते माणसाचा चेहरा बघून हसतं का? चार महिन्यांपर्यंत बोलण्याला हुंकार देतं का? मांडीवर असताना नजर सारखी पंख्याकडे किंवा भिंतीकडे वळवतं का? भूक लागली तरी रडत नाही का? शंका आली तर आधी बालरोगतज्ज्ञांकडून वजन, ऐकणं, दृष्टी आणि थायरॉइड तपासून घ्या. सगळं ताणावर ढकलणं ही याच चुकीची दुसरी बाजू.

तपासणी ठीक असेल तर दूध पिऊन बाळ जागं आणि निवांत असताना पाच मिनिटं द्या. चेहरा 20 ते 30 सेंटिमीटरवर ठेवा, एक वाक्य बोला आणि मनात पाच आकडे मोजेपर्यंत थांबा. बहुतेकांचं बिनसतं ते थांबण्यात. बाळाने मान वळवली की लगेच खुळखुळा वाजवू नका. ते दम घेत असतं. परत बघेल तेव्हा पुढचं वाक्य.

बाळ घेतलं, भांडी तिच्यावर सोडली

'तू आराम कर' म्हणत बाळ उचललं जातं आणि ती ओट्याशी उभी राहते. उलट करा. दोन-तीन महिने पोळ्या पोळी-भाजी केंद्रातून आणा, कपडे-भांडी आणि पाहुण्यांचा चहा इतरांनी बघावा, बाळ तिच्या कुशीत राहू द्या.

रात्रीची झोप मात्र अपवाद. दूध नीट बसलं असेल तर तिला सलग चार-पाच तास मिळालेच पाहिजेत. नऊ-साडेनऊला पाजून ती झोपेल, मधलं एक दूध बाबा वाटी-चमच्याने देईल. काढलेलं दूध बाहेर चार तासांपेक्षा जास्त ठेवू नका, उकाड्यात थेट फ्रिजमध्येच. ही व्यवस्था फसते ती एका कारणाने: बाबा दर दहा मिनिटांनी आत येऊन 'का रडतंय गं?' विचारतो. बाळ हॉलमध्ये, आई बेडरूममध्ये, दार बंद.

'त्याला काय कळतंय?'

अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठात 2013मध्ये सहा ते बारा महिन्यांच्या झोपलेल्या बाळांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. रागावलेल्या आवाजाला मेंदू झोपेतही प्रतिसाद देत होता, आणि ज्या घरांत आईबापांची भांडणं जास्त, तिथल्या बाळांत जास्त. भांडण दुसऱ्या खोलीत नेऊन भागत नाही, आवाज खाली आणावा लागतो.

मारहाण असेल तर वडीलधाऱ्यांनी दोघांना समोरासमोर बसवून समजूत काढू नये. घरी गेल्यावर त्याची किंमत तीच मोजते. 181 ही महिला हेल्पलाइन आहे आणि 2005च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार देता येते.

'झालं गेलं विसर'

तातडीचं सिझेरियन, एनआयसीयूतले (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातले) दिवस, आधीचं मूल गमावणं, स्वतःच्या लहानपणीचा मार. यातून गेलेली बाई बाळ रडताच थिजते, किंवा रात्रभर त्याचा श्वास तपासत बसते. दोन्हींमागे भीती एकच. तिच्याकडून सगळं वदवून घेऊ नका, तिला सांगावंसं वाटेल तेव्हा ऐका.

डोकं फिरल्यासारखं झालं तर बाळाला पाळण्यात पाठीवर निजवून आईने पाच-दहा मिनिटं बाहेर जावं, तोंडावर गार पाणी मारावं, मग परत येऊन त्याला जवळ घ्यावं. बाळाला कधीही गदागदा हलवू नये. एखादी हाक चुकली म्हणून बंध तुटत नाही. ट्रॉनिक यांच्याच निरीक्षणात आई-बाळाच्या निरोगी जोड्यांचे सूरही सुमारे 30 टक्के वेळच जुळलेले होते. उरलेला वेळ चुकण्यात आणि पुन्हा जुळवण्यात जातो.

'बाळंतपणात होतंच असं'

बाळंतिणीचं दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासूनचं रडू दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे टिकलं तर ते नैराश्य असू शकतं; भारतात साधारण पाचातल्या एका आईला ते होतं. ते ओळखायला वापरतात त्या एडिंबरो प्रश्नावलीत दहाच प्रश्न आहेत. 6, 10 आणि 14 आठवड्यांच्या लसीला जाल तेव्हा ती भरून घ्या; 14वा आठवडा बहुधा सासरी परतल्यानंतरचा असतो, तो चुकवू नका. गुण 13 किंवा जास्त आले तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार विचारणारा दहावा प्रश्न असा आहे की त्याला 'कधीच नाही' सोडून काहीही उत्तर आलं तर त्याच दिवशी. गोळ्या सुरू झाल्या म्हणून अंगावरचं दूध परस्पर तोडू नका. सर्ट्रालीनसारखी नैराश्यावरची औषधं स्तनपानात चालतात.

बाळंतीण रात्री झोपतच नाही, असंबद्ध बोलते, 'हे माझं बाळ नाही' म्हणते, तर दृष्ट काढण्यात वेळ घालवू नका. बाळाला तिच्याजवळ एकटं सोडू नका, दोघांना घेऊन लगेच मानसोपचार विभाग असलेल्या रुग्णालयात जा. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत असून रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं.