सुदान-गाझासाठी मदत गोळा करताय? या चुका टाळा

मदत घेणाऱ्याच्या बाजूला उभं राहणं काय असतं, हे सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, राज्यभरातून टेम्पो आले, आणि पाणी ओसरल्यावर जुन्या कपड्यांच्या ढिगांचं करायचं काय, हा वेगळाच ताप झाला. तरी सुदान-गाझाचं नाव निघालं की ग्रुपवर पहिला मेसेज तोच : ‘घरातले वापरलेले कपडे आणून द्या.’ नका देऊ. वाहतूक, कस्टम, गोदाम यांचा खर्च गाठोड्याच्या किमतीहून जास्त होतो.

सगळ्यात घातक चूक मात्र दूध पावडरीची, आणि ती होते अगदी मायेपोटी. डबा समजा पोचला. पण तंबूत उकळलेलं पाणी, जळण आणि धुतलेली बाटली कुठून यायची? गढूळ पाण्यात कालवलेली पावडर म्हणजे तान्ह्या बाळाला जुलाब. धसक्याने आईचं दूध कायमचं आटतं, हाही गैरसमजच. बाळाला वारंवार अंगावर घेतलं की दूध येत राहतं. ज्याला खरंच वरचं दूध लागतं, त्याला तिथले आरोग्य कर्मचारी पाहून देतात. सहा महिन्यांपुढच्या अतिकुपोषित मुलांसाठी ९२ ग्रॅमचं पाकीट मिळतं : शेंगदाण्याची पेस्ट, दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वं. साधारण ५०० कॅलरी. त्यात पाणी मिसळायचं नाही, शिजवायचं नाही. कोपरा फाडला की मूल थेट चोखून खातं. आपल्या दाण्यांनी एवढं काम केलेलं पाहून बरं वाटतं.

उरलेल्या गोळ्या-औषधंही गोळा करू नका. दान केलेलं औषध पोचल्यावर त्याची मुदत किमान वर्षभर शिल्लक असावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

बायकांसाठी नुसते पॅड पाठवून भागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या (यूएनएफपीए) किटमध्ये पॅडबरोबर साबण आणि आतले कपडे असतात, बऱ्याचदा टॉर्च किंवा शिट्टीही. छावणीतलं शौचालय लांब आणि रस्ता अंधाराचा असतो, म्हणून.

मग पैसेच द्यायचे. पण गल्लीतल्या मंडळाच्या क्यूआर कोडवर ‘सुदानच्या मुलांसाठी’ लिहिलंय म्हणून लगेच स्कॅन करू नका. भारतातल्या ट्रस्टने देशाबाहेर खर्च केलेल्या पैशावर करमाफी हवी असेल, तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची (सीबीडीटी) खास मंजुरी लागते. म्हणून सरळ विचारा : पैसे तिथे कोणत्या मार्गाने जाणार, वाटणार कोण, पावती कुणाच्या नावाची? उत्तरादाखल रडणाऱ्या मुलाचा फोटो आला तर विषय तिथेच संपवा. आणि तो फोटो पुढेही ढकलू नका. त्या लेकराला कुणी विचारलेलं नसतं. परदेशी संस्थेला थेट देणगी दिलीत, तर इथे करसवलत मिळत नाही, हे आधीच धरून चला.

पैसे गेले आणि समोरचा फोन उचलेना? ग्रुपवर भांडत बसू नका. यूटीआर नंबर (व्यवहाराचा क्रमांक) आणि स्क्रीनशॉट जवळ ठेवून लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, बँकेलाही कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकते.