आंब्याचा धंदा पुढच्या पिढीकडे देताना आधी काय करावं

देवगड-रत्नागिरीकडे धंदा म्हणजे बाग, पॅकिंगची शेड, एखादी कॅनिंग फॅक्टरी आणि हे सगळं एकाच सातबाऱ्यावर, त्यात आजोबांपासूनची वीस नावं, निम्मे मुंबईला. म्हणून वकिलाकडे जायच्या आधी तलाठ्याकडून सातबारा, आठ-अ (गावात तुमच्या नावावरची सगळी जमीन दाखवणारा उतारा) आणि जुने फेरफार (कुणाचं नाव कधी आणि कसं लागलं त्या नोंदी) काढा, कारण जे सामाईक आहे त्यातला फक्त स्वतःचा हिस्साच तुम्ही मृत्युपत्रात देऊ शकता. आणि मुलींचं विचारात घ्याच, २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत त्यांचा मुलांइतकाच हक्क आहे, "तिचं लग्नात झालं सगळं" हे कोर्टात चालत नाही.

मग धंदा कुठल्या नावावर आहे ते बघा. एकट्याच्या नावावर असेल तर मालक गेल्यावर मुलाला जीएसटी नंबर नवीन घ्यावा लागतो. दोघा भावांची भागीदारी असेल तर एक गेला की फर्म तिथेच संपते, त्यामुळे मुलाला आत्ताच तिसरा भागीदार करा, आणि भागीदार गेला तरी फर्म चालू राहील हे कलम करारात टाकून घ्या.

मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण कराच, साक्षीदार दोन, आणि ज्यांना काही मिळणार नाही असे. बँकेतला नॉमिनी म्हणजे मालक नव्हे बरं का, यावरनंच जास्त भांडणं होतात.

बोलणी गणपतीत करा, सगळे चाकरमानी तेव्हाच एका घरात सापडतात, फक्त आरतीच्या आधी नको.